तुटीला नाव देणारे मामा

माझ्या मामांइतक्या वेळा हिशेबाची पद्धत बदललेला माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल, आणि त्या बदलांनी एका केळ्याचाही फरक पडला असेल तर मी पत्रकं काढणं सोडून देईन. जळगावजवळच्या आमच्या गावात केळीउत्पादकांची एक सहकारी संस्था होती, तिचे ते मुख्य हिशेबनीस. वरून नवं परिपत्रक आलं की मामा ते दोन्ही हातांनी घेत, कपाळाला लावत, त्याच संध्याकाळी सगळ्या रजिस्टरांना नवी तपकिरी कव्हरं घालत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवशीचंच काम सुरू करत.

घरीही तेच. मामीने तंबाखू सोडायला लावली, तर मामांनी खरोखर सोडली आणि दात घासायला मिश्री आणली. मग दिवसातून इतक्या वेळा दात घासू लागले की मामी म्हणाली, असे दात तर राजाचेही नसतील. डॉक्टरांनी तेल बंद केलं, तेव्हा भरतावर तरंगणाऱ्या तवंगाकडे बोट दाखवून मामा शांतपणे म्हणाले, ते तेल नाही, ती फोडणी आहे. मामी हसायची. मला हसू यायचं नाही, कारण हीच युक्ती ते आमच्या घडांवर चालवत होते.

पूर्वी केळी बैलगाडीतून यायची. वाटेत घड घासायचे, मोडायचे, म्हणून संस्था दर क्विंटलमागे काही किलो वजन कापायची. त्या कपातीचं नाव गाडीतूट. पुढे शेताच्या बांधावर ट्रक लागू लागले, गाड्या गेल्या, पण तूट राहिली. धुळ्याकडून येऊन इथे जमीन कसणाऱ्या एका आबांनी भर सभेत विचारलं, "आते गाडी कोठे शे, भाऊ? बैल बी इकी टाकात आम्ही." सभा हसली. आम्ही पोरांनी सायक्लोस्टाइल पत्रकं वाटली, संस्थेच्या दारात धरणं धरलं, आणि जिंकलो. गाडीतूट रद्द. पुढच्या पट्टीवर, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर, बघतो तर तेवढेच किलो 'चढउतार तूट' म्हणून कापलेले. पुन्हा पत्रक, पुन्हा धरणं. मग ती झाली 'हवामान तूट'. तिच्यावरही तुटून पडलो, तेव्हा मामांनी तिचं नाव ठेवलं 'सभासद कल्याण', आणि मला विचारलं, "भाचेबुवा, आता सभासदांच्या कल्याणाला विरोध करणार का?"

एका वर्षी शहरातून एक तरुण लेखापरीक्षक आला. हातात छडी घेऊन त्याने सगळ्या कारकुनांना शिकवलं, की यापुढे प्रत्येक कपातीपुढे तिचं कारण लिहायचं. मामा पहिल्या बाकावर बसून मान डोलवत होते. नवा रकाना आखला गेला आणि त्यात मामांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: पूर्वापार. लेखापरीक्षकाने त्यावर हिरव्या शाईने बरोबरची खूण केली. ते किलो जात कुठे होते? थोडे संस्थेचा वजनाचा ओटा झाडणाऱ्या बायकांच्या मजुरीत, बाकीचे चेअरमनच्या जीपच्या डिझेलमध्ये. मग मजुरी मजुरी म्हणून लिहा ना, असं मी मामांना म्हटलं. ते म्हणाले, "लिहिलं की मंजुरी लागते. मंजुरीला गेलं की आधी बायकांचं कापतील, जीपचं नाही." हे खरं असेलही. पण जीपला बायकांच्या पदराआड बसवून दिलं होतं ते त्यांनीच, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. मामांनी मिश्रीचं बोट दातांवरून फिरवलं आणि विषय बदलला.

मग संस्थेत संगणक आला. मामा निवृत्त झाले, वाट्याच्या दीड एकरात केळी लावून सभासदांच्या रांगेत आले. पहिली पट्टी हातात पडली, तेव्हा ते ती घेऊन थेट माझ्याकडे आले. म्हणाले, चल माझ्याबरोबर. आम्ही खिडकीशी गेलो. आत एक नवा पोरगा संगणकापुढे बसला होता.

"हे किलो कशाचे कापले?" मामांनी विचारलं.

"इतर, नाना."

"इतर म्हणजे?"

"इतर म्हणजे इतर. ते आपोआप येतं. प्रोग्राम नाशिकहून आलाय."

"कारणाचा रकाना कुठे गेला?"

"तो आता नसतो, नाना. मागे रांग आहे."

मामा बाजूला झाले. ओट्यावर उभे राहून पट्टी उलटसुलट करत राहिले. मग मला म्हणाले, "पत्रक काढ." मी विचारलं, कुणाच्या विरोधात काढू? चेअरमन म्हणतो प्रोग्रामला विचारा, पोरगा म्हणतो नाशिकला विचारा. ओटा झाडणाऱ्या बायका आता दिसत नव्हत्या. चेअरमनची जीप मात्र सावलीत उभी होती.

इतकी वर्षं याच खिडकीत तोंड घालून मी मामांना चोर म्हटलं, दलाल म्हटलं, आणखी काय काय म्हटलं. दर वेळी त्यांनी पेन खाली ठेवलं, स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, आत ये, बसून भांड. त्या दिवशी खिडकीपाशी आम्ही दोघंही बराच वेळ रेंगाळलो. आत या, असं कुणी म्हटलं नाही.