बाणाला खाण दिसत नाही

आदल्या हिवाळ्यात आमच्या आचऱ्याच्या वाडीतली एक होडी धुक्यात खडपावर, पाण्यातल्या खडकावर, चढून फुटली. माणसं पोहत किनाऱ्याला लागली, पण तेव्हापासून माझा नवरा पहाटे समुद्राकडे बघत नुसता उभा राहू लागला. विचारलं तर म्हणायचा, "काय नाय गो."

श्रावणात, होड्या वर ओढलेल्या असताना, तो मालवणच्या ओळखीच्या दुकानातून हातात मावणारी दोन जीपीएस यंत्रं घेऊन आला. पसंत पडेल ते ठेवायचं, दुसरं परत करायचं. एकावर रंगीत नकाशा होता. दुसरं साधं, राखाडी पडद्याचं. त्यावर एक बाण आणि राहिलेलं अंतर, एवढंच. इंग्रजी माहितीपुस्तक वाचायचं काम माझ्याकडे आलं.

"दर्यात नेऊच्या आधी सड्यार बघूया," तो म्हणाला. "तू डबो लपव. मी सोधतंय."

मला गंमतच वाटली. सकाळी मी देवळाकडच्या पायवाटेने सड्यावर, गावामागच्या कातळाच्या पठारावर गेले, चहापावडरीचा रिकामा डबा करवंदीच्या जाळीत खुपसला आणि दोन्ही यंत्रांत ती जागा नोंदवली. दुपारी आम्ही निघालो ते मुद्दाम पलीकडच्या, कधी न गेलेल्या बाजूने, म्हणजे मी नकळतसुद्धा वाट दाखवायला नको.

वर पोचलो आणि ढग खाली उतरले. गवत कमरेपर्यंत वाढलेलं. मागे वळून पाहिलं तर आम्ही आलो ती वाटही दिसेना. रंगीत यंत्राच्या नकाशात महामार्ग होता, आमच्या गावाच्या जागी नुसता कोरा रंग. थोड्या वेळात त्याचे सेल संपले आणि पडदा काळा झाला. त्याने ते खिशात टाकलं आणि साधं यंत्र काढलं. त्याचा बाण ठाम होता. नवरा खूश झाला, मान खाली घालून भराभर चालू लागला. मी मागून, त्याच्या पाठीवरच्या ओल्या शर्टाकडे बघत.

चालता चालता माझ्या लक्षात आलं की बेडकांचा आवाज आता आजूबाजूने नाही, खालून येतोय. खूप खालून.

"थांबा हो!" मी ओरडले आणि त्याचा शर्ट धरून मागे ओढला. "फुडे जाव नकात!"

त्याच्या पायाखालचा दगड सुटला. आम्ही दोघं गवतात बसलो. दगड पडल्याचा आवाज लगेच आला नाही. आला तेव्हा तो पाण्यात पडल्याचा होता. हाताने गवत बाजूला केलं तर समोर जमीनच नव्हती. चिऱ्यांची जुनी, सोडून दिलेली खाण, सरळ कापलेल्या भिंती, तळाशी हिरवं पाणी. यंत्र त्याच्या हातातच होतं आणि बाण अजून समोरच दाखवत होता. डबा खरोखरच पलीकडे, त्याच दिशेला होता. यंत्र चुकलं नव्हतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"हेका खाण म्हायत नाय," तो म्हणाला. डबा शोधायला आम्ही गेलो नाही.

मला वाटलं, आता दोन्ही यंत्रं परत जाणार. पण त्याने साधं ठेवलं. होड्या सुरू झाल्यावर मोठ्या ओहोटीच्या दिवशी तो सासऱ्यांना घेऊन गेला आणि उघड्या पडलेल्या प्रत्येक खडपाजवळ थांबून ती जागा यंत्रात नोंदवून आला. सासरे घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "सगळी खडपां वर येनत नाय."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

हिवाळ्यात एका सकाळी धुकं असं पडलं की पुळणीच्या वाळूवर उभं राहून लाट पायाला लागेपर्यंत दिसत नव्हती. बाकीच्या होड्या आल्या, आमची नव्हती. आम्ही बायका टोपल्या घेऊन उभ्या होतो. मग इंजिनाचा आवाज आला तो भलत्याच बाजूने, दक्षिणेकडून. होडी वाळूला लागली. तो उतरला.

"खंय होतास?" सासऱ्यांनी विचारलं.

"लांबसून वळसो घेवन इलंय," तो म्हणाला. "बाण घराकडे सरळ बोलवी होतो. थंय पाण्याचो आवाज माका बरो वाटलो नाय."

तिथे खडप होतं की नाही, ते आम्हाला कधीच कळलं नाही. त्या जागेवरून आमची होडी पुन्हा गेली नाही.