पाटी नसलेलं दुकान

"धंदा मी काढला नाही रे, नोकरी गेली म्हणून तो गळ्यात पडला," असं ताई एकदा धाकट्या भावाला फोनवर म्हणाली होती. भावाला तो विनोद वाटला. तो दूरच्या श्रीमंत देशात होता. तिथे भरल्या पगाराची नोकरी सोडून माणसं हौसेने धंद्यात उडी घेत, आपटली तर पुन्हा कुठेतरी चिकटत. त्यानेही उडी घेतली, आपटला, आणि चिकटण्याऐवजी घरी परत आला.

ताई पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करायची. ती कामाला होती तो कारखाना बंद पडला तेव्हा तिने जिन्याखालच्या खोलीत टेबल मांडलं, ते तिथेच राहिलं. जळकी तार कापून काढायची, तांब्याची नवी तार वेढ्याला वेढा लावून भरायची. वार्निशचा वास भिंतींत मुरला होता. गिऱ्हाइकांची रीघ असे, पण दारावर पाटी नव्हती. कारखान्याचा खाकी डगला मात्र इस्त्री करून खुंटीला टांगलेला.

"ताई, हातात एवढी कला, आणि चोरासारखी काय बसतेस? पाटी लाव, माणसं ठेव."

"पाटी लावली की माणूस तिथलाच होतो."

"मग हो की! मोठं व्हावंसं वाटत नाही तुला?"

"मला आजारी पडावंसं वाटतं. पगार न कापता."

एके दिवशी जुने फोरमन दारात आले. कारखाना नव्या मालकाने घेतला होता. "सोमवारपासून ये. कायम नोकरी. नाही आलीस तर दुसरीला घेतील."

ते गेल्यावर भाऊ उसळला, "चालतं दुकान सोडून दुसऱ्याची चाकरी?"

ताई तार भरत राहिली. एक वेढा चुकला. तिने तो उकलला, पुन्हा घातला.

भावाने रविवारभर खपून पाटी रंगवली. स्वतःच्या नावाची पाटी लागली की ती कशाला हलतेय, असा त्याचा हिशेब. सोमवारी ती आली तेव्हा तो स्टुलावर चढून शेवटचा खिळा ठोकत होता.

ताईने खुंटीवरचा डगला घातला. तो पोटावर ओढून बसला, तरी तिने गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या. अर्धवट मोटारीशेजारी दुकानाची किल्ली ठेवली.

"अगं, बघ तरी! तुझंच नाव आहे!"

दारात एक गिऱ्हाईक पंखा बगलेत धरून उभं होतं. ताईने त्याला आत वाट दिली, स्टुलावरच्या भावाकडे बोट दाखवलं, आणि ती बाहेर पडली.