येते म्हणजे जाते

आमच्या घरात 'जाते' म्हणायचं नाही. 'येते' म्हणायचं. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालात तरी 'येते'. सासरी निघालेली मुलगीसुद्धा 'येते' म्हणूनच निघते. का, ते विचारायचं नाही. मी सात वर्षांची असताना विचारलं होतं, "आणि परत यायचंच नसेल तर?" आत्याने पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. तो तिने अजून पुरता काढलेला नाही, पण ते शेवटी सांगते.

आधी आमच्या यानाबद्दल. दोन वर्षं दर रविवारी दुपारी आम्ही चौघं झाशीत, प्रेम नगरात, आमच्या गच्चीवरच्या खोलीत बसून अंतराळात गेलो. खेळ सोपा आहे. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. 'आता तू काय करतोस?' असं विचारायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. वीस पडले तर काहीही जमतं. एक पडला तर देवही वाचवत नाही. गोष्ट मी सांगायचे, म्हणून मी मास्टरनी. यानाचं नाव बेतवा. काम एकच: गोठवलेल्या बियांचे डबे घेऊन एका निळ्या ग्रहावर पोचायचं आणि तिथे शेत लावायचं.

या दोन वर्षांत मी चार वह्या भरल्या. ग्रहांची नावं, तोफांचे पल्ले, सगळं त्यात आहे. लक्षात मात्र त्यातलं काहीच राहिलं नाही. राहिले ते हे किस्से, आणि ते तर कुठल्याच वहीत नाहीत.

*

सई आमची कप्तान. कॉलेजात माझ्याच वर्गात, फिजिक्सला. घर साताऱ्याकडचं, वडील सुभेदार, राहायला झाशीजवळच्या बबीनाच्या छावणीत. तिच्या सात शाळा झाल्या. दर वेळी नवीन क्वार्टर मिळालं की यादी घेऊन सामान तपासायचं, सही करायची, मग पेट्या उघडायच्या. याला ते मार्चिंग इन म्हणतात. सोडताना तीच यादी घेऊन मार्चिंग आउट.

पहिल्याच रविवारी मी जोरदार सुरुवात तयार केली होती. यान ताब्यात आलं, इंजिन सुरू झालं, मागे शत्रूची तीन जहाजं. सईने वही काढली. "यादी कुठेय?"

"कसली?"

"सामानाची. सही कोण करणार?"

मग मला बसल्या जागी यादी करावी लागली. खुर्च्या किती, दिवे किती, खाटा किती. दोन तास गेले. शेवटी वैतागून मी म्हणाले, "कप्तानसाहेब, शत्रू दारात आलाय."

"थांबायला सांग," सई म्हणाली. "पंखे मोजायचेत अजून."

*

पुष्पेंद्र आमचा इंजिनिअर. खऱ्या आयुष्यात त्याचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे यानात काहीही बिघडलं तरी तो आधी पाण्याचा पंप बघायचा. बोलणं बुंदेली आणि हिंदी. मराठी आमच्याकडून उचललेलं, तेही सुट्या शब्दांत.

एकदा मी तीन डोक्यांचा परग्रहावरचा राजदूत आणला. आठवडाभर त्याच्यावर मेहनत घेतली होती. त्याची भाषा कुणालाच येत नाही, एक चुकीचा शब्द गेला की युद्ध. सईने बंदुका काढायला सांगितल्या. पुष्पेंद्र पुढे झाला आणि म्हणाला, "काय भैया, किते के हौ?" कुठले तुम्ही, भाऊ?

फासा टाकला. वीस.

आता वीस पडल्यावर मी काय करणार? राजदूताने तिन्ही तोंडांनी आपल्या गावाचं नाव सांगितलं. पुष्पेंद्रने मांडीवर थाप मारली. "अरे, उते तो हमाए फूफा हैं!" म्हणजे तिथे त्याच्या आत्याचे यजमान राहतात.

त्यानंतर दोन वर्षांत आकाशगंगेतला एकही तह त्या फूफांना विचारल्याशिवाय झाला नाही.

*

चौथा ओंकार, माझा चुलतभाऊ. त्याला मराठी सगळं कळतं, बोलायला सांगितलं की घाम फुटतो. त्याने रोबो व्हायचं ठरवलं, कारण रोबोला आत्याशी बोलावं लागत नाही. त्याचे वडील म्हणजे आमचे काकाजी. काकाजींचं मराठी फार जुनं. सई म्हणायची, तुमचं मराठी अडीचशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आलं आणि अजून घोड्यावरून उतरलेलं नाही.

यानाच्या कॉम्प्युटरला आवाज हवा होता. मी त्याला काकाजींचा दिला. काहीही सांगा, तो आधी म्हणणार, "कशाला?"

"वेग वाढव." "कशाला? कोणी बोलावलंय?"

"दार उघड." "कशाला? बाहेर काय ठेवलंय?"

पोरं लोळत होती. मला आणखी चेव आला. मग लक्षात आलं की हसणारी मी एकटीच आहे. दारात काकाजी उभे होते. किती वेळ, देव जाणे.

त्यांनी शांतपणे विचारलं, "बाहेर हवा आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "अंतराळ आहे."

"मग बरोबर बोलतोय तो. हवा नसताना दार कशाला उघडायचं?" आणि खाली गेले.

पुढच्या रविवारी जेवताना वरण वाढून घेत म्हणाले, "त्या ग्रहावर पाणी लागलं का?" मी लागलं म्हणाले. "हूं," म्हणाले, "वेळ घालवता नुसता." त्यानंतर एकाही रविवारी त्यांनी विचारायचं सोडलं नाही. आणि वेळ घालवता म्हणायचंही नाही.

*

आता तो अपघात. यानाला दोन दारं असतात. आतलं आणि बाहेरचं, मधे छोटी खोली. दोन्ही एकदम उघडायची नाहीत, नाहीतर आतली हवा बाहेर. सई एका बंद पडलेल्या तळावर उतरणार होती. दारावर पुष्पेंद्र. ती बाहेरच्या दारात उभी राहिली, रेडिओवर म्हणाली, "बरं, येते."

पुष्पेंद्रने ऐकलं, येते. म्हणजे परत येतेय, काहीतरी बिनसलंय. "आतलं दार उघडतो."

मी कॉम्प्युटरच्या आवाजात म्हणाले, "कशाला?"

"चुप रहो, काकाजी!"

फासा टाकला. एक.

हवा गेली. खाटा गेल्या, खुर्च्या गेल्या, सईच्या यादीतले सगळे पंखे गेले. बियांचे अकरा डबे गेले, एक राहिला, तोही रोबोने पाय अडकवून धरला म्हणून. वर्षभराची मेहनत काळोखात तरंगत होती.

"येते कहा न तुमने," पुष्पेंद्र म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर उतरला होता.

"अरे, येते म्हणजे जाते!"

"और जब सच में आती हो, तब क्या कहती हो?"

सईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "आले."

त्याने बोटांवर हिशेब केला. "मतलब जाते समय आती हो, और आते समय आ चुकी हो. तो जाती कब हो?"

*

त्या दिवशी आम्ही कार्डशीटवर लिहून भिंतीला लावलं: 'बेतवावरून जाणाऱ्याने जाते किंवा जातो असेच म्हणावे. हुकमावरून.' खाली कप्तानाची सही हवी होती. सईने पेन उघडलं आणि पुन्हा मिटलं.

म्हणाली, पप्पा ड्युटीवर निघतात तेव्हा आई 'जा' हा शब्दच घरात उच्चारू देत नाही. एकदा लहान भाऊ चुकून बोलला, तर पप्पा परत दिसेपर्यंत तो रोज रात्री आईला विचारायचा, माझ्यामुळे काही होणार नाही ना. "निदान या यानावर तरी खरं बोलू," म्हणाली, आणि सही केली.

आत्याने तो कागद वाचला. अशुभ आहे, काढ म्हणाली. मी काढला नाही. तिचं खाली काकाजींनाही सांगून झालं. पुढच्या रविवारी बघते तर कागदाचा सुटलेला कोपरा कोणीतरी नवीन टाचणीने नीट लावला होता. आत्याच्या पायात वात आहे, ती जिना फारसा चढत नाही. बाबा गच्चीवर येतच नाहीत. ओंकारला टाचणी कुठे असते ते माहीत नाही.

*

मग सईच्या वडिलांची पोस्टिंग आली. ट्रक मंगळवारी निघणार. आमचं यान निळ्या ग्रहापासून एका रविवारवर येऊन थांबलेलं, उरलेला एक डबा घेऊन. सईला घरचं सामान बांधायचं असल्याने झाशीला येता येणार नव्हतं. म्हणून ठरलं, शेवटचा डाव बबीनाला, तिच्या क्वार्टरमध्ये, पेट्यांवर बसून. तिने फोनवर बजावलं, "यादी आण. कप्तान सही करून यान देणार. मार्चिंग आउट झाल्याशिवाय मी हलणार नाही."

शनिवारी संध्याकाळी आत्याने सांगितलं, उद्या अकराला ग्वाल्हेरचे पाहुणे येतायत. तुला बघायला. मला कोणी विचारलंच नव्हतं. मी जमणार नाही म्हणाले. ते नेहमीप्रमाणे कोणी ऐकलं नाही.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी पिशवीत फासा, चार वह्या आणि यादी भरून खाली आले. बैठकीत काकाजी, बाबा आणि आत्या. टेबलावर नवीन कपबशा. बाहेर ओंकार स्कूटर चालू करून उभा होता, आत न येण्यात त्याचा हातखंडा आहे.

बाबा म्हणाले, खेळच आहे ना बेटा, पुढच्या रविवारी खेळा. मी म्हणाले, पुढच्या रविवारी सई इथे नसेल. ग्वाल्हेर तिथेच असेल.

आत्या म्हणाली, त्यांना काय सांगायचं? मी म्हणाले, खरं सांगा, बिया पोचवायला गेलीय.

"हे असलं तोंड घेऊन नांदणार तू," आत्या म्हणाली. मग बाबांकडे, मग काकाजींकडे बघितलं. बाबा कपबशा सारख्या करत होते. काकाजी पेपरात बघत होते, पण पान उलटत नव्हते. मी उंबऱ्यापर्यंत पोचले.

तेव्हा आत्याचा आवाज खाली आला. "बरं बाई. निदान निघताना नीट 'येते' तरी म्हण."

मी वळले.

"नाही. जाते," मी म्हणाले. "येईन तेव्हा 'आले' म्हणेन."

काकाजींनीसुद्धा 'कशाला' विचारलं नाही. बैठकीतल्या पंख्यांचा आवाज मला पहिल्यांदाच नीट ऐकू आला. सईसारखे मोजले. दोन पंखे. दोन्ही चालू.