कानवाले आणि माझं कारंजं

माझ्या सासऱ्यांना सगळे 'कानवाले' म्हणतात. छत्तीस वर्षं त्यांनी पाण्याचे पंप दुरुस्त केले, पण कारण नसताना एकही उघडला नाही. चालत्या पंपावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, बेअरिंग गेलंय किंवा हवा ओढतोय. निवृत्त झाल्यावरही लोक गाडी पाठवून त्यांना न्यायचे. घरात मात्र नाकावर माशी बसू देत नसत. मी केर काढते तोही त्यांना उलट्या दिशेने वाटायचा.

वर्षभरापासून त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. हे त्यांना सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं. "हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात," अशी त्यांची तक्रार. आम्ही ओरडून बोलायचो आणि विषय टाळायचो. मी तर त्याचा फायदाच घ्यायचे. त्यांनी काही सुनावलं की त्यांच्यापासून हातभर अंतरावर, पाठही न फिरवता, मनात येईल ते पुटपुटायचे. जिभेला हाड नव्हतं माझ्या, आणि त्याची मला सवय झाली होती.

कारंजं माझं. तीन दगडी वाट्यांचं, चपलांच्या कपाटावर मावेल एवढं. कामावरून आल्यावर दोन मिनिटं त्याच्यापुढे बसलं की डोकं शांत व्हायचं. त्या आठवड्यात ते असं घरघरायला लागलं की शांत डोकंही उठावं. रविवारी मी ते बाबांच्या पुढ्यात ठेवून सुरू केलं.

"बाबा, केवढा आवाज करतंय बघा!"

त्यांनी चष्मा लावला, स्क्रूड्रायव्हर आणला, टोक खालच्या वाटीतल्या पंपावर टेकवलं, डोळे मिटले. घरघर सुरूच होती.

"काही झालेलं नाही. मोटार मस्त चालतेय. तुझेच कान नाजूक झालेत."

माझं पित्त खवळलं. "बहिरं ते बहिरं, वर तोरा," मी नेहमीसारखी पुटपुटले.

ते उठणार तेवढ्यात त्यांनी वरची वाटी सरळ केली आणि त्यांची नजर खालच्या वाटीत गेली. पाणी आटून पंपाच्या तोंडाच्याही खाली गेलं होतं. ते तसेच वाकून बघत राहिले. एवढ्या पाण्यात पंप हवा ओढणार, आणि हवा ओढणारा पंप गप्प राहत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

"पाणी आण."

मी जग आणला. ते ओतत होते, पण पंपाकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. पंप बुडाला, घरघर थांबली.

"आत्ता थांबला ना आवाज?"

मी मान हलवली.

"कधीपासून येत नाही मला ऐकू?"

"वर्ष झालं असेल."

"आणि कोणी बोललं नाही?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून," मी म्हटलं. निम्मं खोटं होतं ते. पुटपुटायची सोय जाईल, हे निम्मं मी गिळलं.

ते खाली बसले. मग एकदम म्हणाले, "बुधवारी मी बाळंतपणाच्या दवाखान्याचा पंप पास केलाय. त्यांचा माणूस म्हणत होता, उघडून बघू. मी त्याला चार लोकांत झापलं. म्हटलं, माझा कान सांगतोय, हात लावू नका."

त्यांनी नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "तू बोल. तिकडचं मला कळणार नाही. सांग, पंप आजच्या आज उघडा. कानवाल्याला ऐकू येत नाही म्हणून सांग. आणि मोठ्याने बोल. मी काय सांगायला लावलं ते मला कळलं पाहिजे."

मी बोलले. पलीकडचा माणूस हसला. "कानवाल्यांना? थट्टा करता काय, वहिनी?"

"नाही हो," मी ओरडले. "त्यांना खरंच ऐकू येत नाही. पंप उघडा."

बाबा खाली मान घालून ऐकत होते. पलीकडचा माणूस हसायचा थांबला. मग तो हळूच म्हणाला, "लगेच उघडतो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर जे कुजबुजत होते, तेच आज भर दिवसा ओरडून सांगितलं होतं, आणि तेही त्यांच्याच सांगण्यावरून.

फोन ठेवला. बाबांनी स्क्रूड्रायव्हर पुसून पेटीत ठेवला, पेटीचं झाकण लावलं.

"एक बरं झालं," ते म्हणाले. "वर्षभर बघतोय, मी जवळ असलो की तुझे ओठ हलतात. वाटायचं, गाणं गुणगुणत असशील, म्हातारा रागावेल म्हणून हळू. आता कळलं, मलाच ऐकू येत नव्हतं. गाणंच म्हणायचीस ना?"

मी रिकामा जग उचलला.

"हो, गाणंच," मी म्हणाले.

त्यांनी कानामागे हात धरला. "काय?"

"गाणंच म्हणायचे, बाबा!" मी ओरडले.