कराचीच्या बाई

कराचीच्या बाई वर्गात कधी चपला काढत नसत. कल्याणच्या निर्वासित छावणीतल्या एका बराकीत आम्हा सेविकांचा प्रशिक्षणवर्ग भरे. आम्ही साऱ्याजणी दाराशी चपला काढून सतरंजीवर बसायचो. बाई मात्र दाराकडे तोंड करून, चपलांसकट खुर्चीत. दोन पिढ्या कराचीत राहिलेल्या मराठी घरातल्या त्या. तिथल्या शाळेत शिकवायच्या. फाळणीनंतर बोटीने मुंबईला आल्या. पण बोलणं मराठी, म्हणून त्यांना निर्वासित कुणी म्हणत नसे.

"माणसं दंगल झाली म्हणून घर सोडत नाहीत गं," त्या सांगत. "दूधवाला यायचा बंद होतो, शेजारीण नजर चुकवायला लागते, तेव्हाच ती मनातून निघालेली असतात." बोलता बोलता बाहेर पत्रा वाजला, तरी त्या थांबून कान देत.

एक गोष्ट त्या आमच्याकडून घोकून घेत. "आधी कुठे जायचं ते सांगा. मग उठा म्हणा."

मी एकोणीस वर्षांची, डोंबिवलीहून येणारी. वाक्य मला पाठ होतं. एका दुपारी छपराच्या दुरुस्तीसाठी एक बराक रिकामी करण्याचा हुकूम आला. बाई ठाण्याला गेल्या होत्या. मी कागद घेतला आणि बराकीच्या मधोमध उभी राहून हिंदीत खणखणीत वाचला. संध्याकाळपर्यंत ही जागा सोडावी. पलीकडच्या बराकीत सोय केल्याचं पुढच्या ओळीत होतं. तिथवर मी पोचायच्या आतच माणसं उठली होती.

कुणी ओरडलं नाही. त्याचीच भीती वाटली. बायकांनी अर्धकच्च्या पोळ्या फडक्यात बांधल्या, मुलं उचलली आणि सगळी बराक स्टेशनच्या वाटेला लागली. आम्ही धावत जाऊन त्यांना परत आणलं. मोजदाद केली तर मोहिनी नावाच्या बाईचे म्हातारे सासरे नव्हते.

तीन दिवस बाई आणि मी त्यांना शोधत हिंडलो. स्टेशन, नदीकाठ, पार शीळफाट्यापर्यंतचा रस्ता. ते सापडले नाहीत. पुढेही कधी नाही.

चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, "मोहिनीला सांगितलंस? कागद कुणी वाचला ते?"

"बाई, ती मला काय म्हणेल..."

"म्हणू दे. तिला कळायला हवं."

मोहिनी कणीक मळत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"म्हणजे बाबूजी माझ्यावर रुसून नाही गेले?" तिने विचारलं.

त्या सकाळी चहावरून ती त्यांना टाकून बोलली होती. चार दिवस ती तेच मनात धरून बसली होती. आता ती रडली. मी परात माझ्याकडे ओढली आणि उरलेली कणीक मळून दिली.

वर्षभरात बाईंना दुसऱ्या छावणीत पाठवलं. पुन्हा भेट झाली नाही. पुढे त्यांचा वर्ग मी घेऊ लागले. दर वर्षी पहिल्याच तासाला मी मुलींना त्या बराकीची हकीकत सांगे, कागद वाचणारीचं नाव न लपवता.