भरभर बोलणारा फोन

पोलादपूरला आमच्या शेजारी खुर्च्या विणणारे एक अंध गृहस्थ राहतात. त्यांचा फोन त्यांना आलेला मजकूर वाचून दाखवतो, पण इतका भरभर की दुसऱ्याला एक अक्षर कळत नाही. "कशेडी घाट उतरताना ब्रेक गेलेला ट्रक हाय तो," ते हसून म्हणायचे.

कोरोनात त्यांच्या बायकोला ताप आला. तिचा रिपोर्ट फोनवर आला, पण कागदाचा फोटो काढून. ते घाईने कुंपणापाशी आले.

"सर, हा नुसता 'फोटो' म्हणतोय. आतलं काय वाचत नाय. तुम्हाला पाठवलाय, बघा जरा."

माझी पत्नी त्याच आजारानं जाऊन तेव्हा पंधरवडाही झाला नव्हता. तसाच कागद मी पुन्हा पाहिला. मी बोलणार, तोच ते पुटपुटले, "तोंडानं नको. ती दाराआड ऐकतेय. लिवून पाठवा."

मी लिहिलं, 'पॉझिटिव्ह आहे. आजच महाडला दवाखान्यात न्या. गाडी मी बघतो.'

त्यांनी फोन कानाला लावला. मग त्याचा वेग कमी केला आणि तेवढाच मजकूर पुन्हा सावकाश ऐकला.

दाराकडे वळून म्हणाले, "गो, साडी बदल. जरा महाडला जाऊन येऊ."