नाकासोने सरांचं मीठ

हिलो या समुद्रकाठच्या गावातल्या आमच्या कॉलेजात वेंडल नाकासोने आहारशास्त्र शिकवायचा आणि शेजारच्या वर्गात मी गणित. मधली भिंत पातळ. त्यामुळे मिठाच्या दुष्परिणामांवरचं त्याचं व्याख्यान माझ्या विद्यार्थ्यांनाही तोंडपाठ झालं होतं. माणूस गोल, हसरा, जीव लावणारा. जेवणाच्या सुट्टीत मात्र भातावर तळलेलं डबाबंद मांस आणि त्यावर सोया सॉसची सढळ धार. मी नुसती भुवई उंचावली तरी म्हणायचा, "अगं, अभ्यास करतोय. शत्रूची ओळख नको?"

त्याचा एक नियम होता. त्याचा विषय घ्यायचा तर दर आठवड्याला खाडीकाठच्या ज्येष्ठांच्या सभागृहात जाऊन काम करायचं आणि तिथे जे दिसलं ते धड्याशी ताडून लिहायचं. मग तो एकेकाला समोर बसवून खोदून खोदून विचारायचा. "आजी-आजोबांना मदत केली, छान वाटलं" असं कुणी लिहून आणलं, की मेलाच तो. "तुला छान वाटलं, कळलं. त्यांचं काय?"

त्या वर्षी लोकेलानी नावाची एक मुलगी त्याच्याकडे आली. इतकी अबोल, की हजेरीलाही नुसती मान हलवायची. थोड्याच दिवसांत म्हणाली, "सर, मी विषय सोडते."

"का गं?"

"मी मिठाबद्दल बोलायला तोंड उघडते आणि फिलोमेना आँटी त्यात मालासादा कोंबतात. तळलेला गोड गोळा, साखरेत घोळवलेला. गरम."

वेंडल पोट धरून हसला. मग म्हणाला, "बरं, बोलू नकोस. हातांनी काम कर. रक्तदाब मोजायला शिकवतो." तिचा हात बसेपर्यंत सरावासाठी दंड माझा. तो नुसता सूचना देत होता. "आधी शांत बसवायचं. पाय जमिनीला टेकलेले हवेत. बोलू द्यायचं नाही."

फिलोमेना आँटी म्हणजे त्या सभागृहाची राणीच. वेंडलला पहिलीत तिनेच शिकवलेलं. लोकेलानी यंत्र घेऊन उभी राहिली, तशी आँटीने हाताची घडी घातली. "आधी तुझ्या सरांचा मोज. मग आमचा."

"मी आत्ताच कॉफी प्यालोय," वेंडल म्हणाला.

"वेंडी, बस खाली."

तो बसला. आकडा आला तसं लोकेलानीचं तोंड उतरलं. "यंत्र बिघडलंय," वेंडलने जाहीर केलं. मग आँटीचा मोजला, तर एकदम ठीक. शेजारच्या मोझेस अंकलचाही ठीक.

"यंत्राला माणूस कळतो वाटतं," अंकल म्हणाले आणि सगळं सभागृह खो-खो हसलं. वेंडलही हसला, पण कान लाल झाले होते.

लोकेलानी हसली नाही. "सर, पाय जमिनीवर. बोलायचं नाही," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. थांबून पुन्हा मोजला. आकडा आणखी वर.

"डॉक्टरकडे कधी जाताय?"

"सत्र संपलं की लगेच."

"म्हणजे आज," ती म्हणाली आणि भावाची गाडी काढायला गेली. मागे सर्फबोर्ड लादलेल्या त्या खटाऱ्यात वेंडल मुकाट्याने बसला. वाटेत फक्त एवढंच बोलला, "मला सगळं माहीत होतं गं." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि भरपूर बोलूनही घेतलं. आणखी थोडे दिवस अंगावर काढलं असतं तर अवघड होतं, म्हणाले.

पुढच्या भेटीत वेंडलने नेहमीसारखं विचारलं, "काय दिसलं?"

लोकेलानीने वही मिटली. मग म्हणाली, "सर, तुम्हाला सगळं माहीत असून जमलं नाही. मग आँटींना आणखी माहिती देऊन काय होणार? त्यांच्या चुलीपाशीच जाते."

आणि गेली. सगळं सभागृह प्यायचं त्या आँटीच्या घेवड्याच्या सूपमधलं खारं सॉसेज दोघींनी मिळून निम्म्यावर आणलं. भांडत भांडत, चव बघत बघत. पहिलं सूप इतकं मिळमिळीत झालं, की मोझेस अंकलनी खिशातून सोया सॉसची पुडी काढली. ती जप्त झाली. नंतर आलं-लसूण घालून जमवलं.

तिने सत्राअखेरचा प्रबंध सरांवरच लिहिला, त्यांची परवानगी घेऊन. स्वतःवरचा प्रबंध आपणच कसा तपासायचा म्हणून वेंडलने तो माझ्याकडे पाठवला. मी चांगले गुण दिले. त्याची एकच तक्रार होती, "एक वयस्कर गृहस्थ असं कशाला लिहायला हवं होतं?"

लोकेलानी आता नर्सिंगला आहे आणि शनिवारी सभागृहात नव्या मुलांना रक्तदाब मोजायला शिकवते. वेंडल रांगेत पहिला बसतो. सक्तीच आहे. आँटीने त्याच्यासाठी आणखी अळणी सूपचं वेगळं पातेलं ठेवलंय, आणि तो तिच्यादेखत ते संपवतो.